पोटॅशियमची बाटली देण्याआधी

प्रति,
महाराष्ट्रातील नोंदणीकृत औषधविक्रेते यांस

विषय : रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना दिले जाणारे पोटॅशियम

पोटॅशियमच्या बाबतीत रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन विरुद्ध घराणी आहेत. एक घराणे लघवीवाटे पोटॅशियम घालवते, दुसरे ते शरीरात धरून ठेवते. गिऱ्हाईक दोन्हींना ‘बीपीची गोळी’ एवढेच म्हणते, आणि गडबडीच्या वेळी दुकानातही तेवढ्यावरच भागवले जाते. पायात गोळे येतात, हातपाय गळाल्यासारखे वाटतात म्हणून पोटॅशियमचे औषध मागणारा माणूस पहिल्या घराण्यातली गोळी घेत असेल, तर त्याची मागणी रास्त असू शकते. तो दुसऱ्या घराण्यातली गोळी घेत असेल आणि मूत्रपिंड आधीच थकलेले असेल, तर तीच बाटली त्याच्या हृदयाची लय बिघडवण्यापर्यंत जाऊ शकते. बाहेरून दोघांची तक्रार एकच असते. फरक कळतो तो गोळीची पट्टी आणि रक्ताचा अहवाल पाहिल्यावर.

साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण 3000 मिलिमोल पोटॅशियम असते. त्यातले सुमारे 98 टक्के पेशींच्या आत असते आणि रक्तासह पेशींबाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून जेमतेम 60 मिलिमोल उरते. प्रयोगशाळेच्या अहवालात दिसणारा 3.5 ते 5 हा आकडा या बाहेरच्या छोट्या वाट्याचा, दर लिटरमागचा असतो. पेशीच्या आतले आणि बाहेरचे पोटॅशियम यांच्या प्रमाणावर पेशीच्या पडद्यावरचा विद्युतभार ठरतो, आणि हृदयाचा प्रत्येक ठोका त्याच भारावर चालतो. म्हणूनच साठा प्रचंड असला तरी बाहेरच्या आकड्याला वर-खाली व्हायला फार मुभा नाही.

रोजच्या जेवणातूनही 50-60 मिलिमोल पोटॅशियम सहज पोटात जाते, म्हणजे पेशींबाहेर असते जवळजवळ तेवढेच. तरी जेवणानंतर कोणी कोसळत नाही, याला दोन गोष्टी कारण आहेत. पहिली तातडीची : इन्सुलिन आणि अ‍ॅड्रिनलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतात. दुसरी सावकाश चालणारी : पुढच्या काही तासांत मूत्रपिंडे जादा पोटॅशियम लघवीत सोडतात. रोज बाहेर जाणाऱ्या पोटॅशियमपैकी 90 टक्क्यांच्या आसपास याच वाटेने जाते, उरलेले शौचावाटे. मधुमेहात पहिली सोय लुळी पडते, मूत्रपिंडाच्या विकारात दुसरी. रक्तदाबाच्या रुग्णांत हे दोन्ही आजार किती जणांना असतात, हे दुकानातल्या चिठ्ठ्यांवरून रोज दिसतेच.

मूत्रपिंडाला पोटॅशियम सोडायला लावणारे मुख्य संप्रेरक म्हणजे अल्डोस्टेरॉन. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ते तयार करतात. त्याच्या हुकमाने मूत्रनलिकेच्या शेवटच्या टप्प्यात सोडियम आत ओढले जाते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकले जाते. सोडियमबरोबर पाणी थांबते आणि रक्तदाब वाढतो. अल्डोस्टेरॉनला जागे करणारी साखळी मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या रेनिनपासून सुरू होते, अँजिओटेन्सिनपर्यंत जाते आणि तिथून ग्रंथीपर्यंत पोचते. ही साखळी तोडली की रक्तदाब उतरतो, हे लक्षात आल्यावर औषधांची एक मोठी शाखा उभी राहिली. तिचे मूळ ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापापर्यंत जाते : त्याच्या विषातल्या घटकांच्या अभ्यासातूनच कॅप्टोप्रिल घडले आणि 1981 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल ही त्याची भावंडे. पुढे 1995 साली लोसार्टान आले, मग वल्सार्टान, टेल्मिसार्टान, ओल्मेसार्टान. ‘प्रिल’ आणि ‘सार्टान’ ही शेपटे असलेली सगळी औषधे अल्डोस्टेरॉनचा जोर कमी करतात, आणि त्यामुळेच पोटॅशियम धरून ठेवतात. स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन थेट अल्डोस्टेरॉनचीच जागा अडवतात. अमिलोराइड व ट्रायमटेरिन नलिकेतली सोडियमची वाट बंद करतात. परिणाम एकच : पोटॅशियम आतच राहते.

पोटॅशियम घालवणाऱ्या घराण्यात हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या पाणी उतरवणाऱ्या गोळ्या येतात. फुरोसेमाइड आणि टोरसेमाइड त्याच बाजूची. या गोळ्या नलिकेच्या आधीच्या टप्प्यांवर सोडियमचे शोषण अडवतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यावर जास्त सोडियम पोचते आणि त्याच्या अदलाबदलीत पोटॅशियम जाते. शरीरातले पाणी घटल्याने अल्डोस्टेरॉनही वाढते, त्याची भर वेगळी. अम्लोडिपिन आणि सिलनिडिपिन या भांडणात पडत नाहीत. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांच्यासारखी बीटा ब्लॉकर औषधे पोटॅशियम किंचित वर सरकवतात, पण एकट्याने क्वचितच त्रास देतात. जुने प्रोप्रानोलॉल त्या मानाने अधिक.

लोसार्टानच्या पट्टीवर ‘लोसार्टान पोटॅशियम’ असे लिहिलेले असते आणि ते वाचून काही जण घाबरतात, तर काहींना वाटते की गोळीतूनच पोटॅशियम मिळते आहे, म्हणजे बरेच झाले. दोन्ही समजुती चुकीच्या. 50 मि.ग्रॅ.च्या गोळीत पोटॅशियम 4.24 मि.ग्रॅ. असते, केळ्याच्या एका घासातही त्याहून पुष्कळ जास्त. पोटॅशियम वाढते ते औषधाच्या कामामुळे. त्या गोळीतल्या लवणाचा त्यात काही वाटा नाही.

आपल्याकडे रक्तदाबाची औषधे बहुधा एकाच गोळीत दोन-तीन मिळून येतात, त्यामुळे पट्टी नीट वाचल्याशिवाय घराणे कळत नाही. नावापुढची अक्षरे मदत करतात : ‘एएम’ असेल तर बहुतेक अम्लोडिपिन जोडलेले, ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, ‘सीटी’ किंवा ‘सीएच’ असेल तर क्लोरथॅलिडोन. पण ही अक्षरे कंपनीगणिक बदलतात आणि खरी माहिती पट्टीच्या मागे बारीक टाइपात असते, तीही पट्टीचा कोपरा कापून गोळ्या दिल्या की निम्मी हातातून जाते. टेल्मिसार्टान 40 आणि हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 अशा गोळीत दोन्ही घराणी एकत्र नांदतात. एक पोटॅशियम धरते, दुसरे सोडते, आणि मूत्रपिंड ठीक असलेल्या माणसात हिशेब बहुधा जुळतो. अशा रुग्णाला ‘लघवीची गोळी आहे ना, मग पोटॅशियम घ्या’ असे सवयीने सांगणे हा अनेकदा ऐकू येणारा आणि टाळता येण्यासारखा प्रकार आहे. 2017 साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात अम्लोडिपिन, टेल्मिसार्टान आणि क्लोरथॅलिडोन हीच तीन औषधे मुख्य आहेत. म्हणजे सरकारी दवाखान्यातून येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत पोटॅशियमशी काही संबंध नसलेले, ते धरणारे आणि ते घालवणारे अशी तिन्ही तऱ्हेची औषधे सापडू शकतात.

पोटॅशियम बाहेरून द्यायची रास्त वेळ अर्थातच असते. क्लोरथॅलिडोन किंवा टोरसेमाइडवर असलेल्या रुग्णाचे पोटॅशियम 3.5च्या खाली गेले, तर स्नायू दुबळे होतात, बद्धकोष्ठ वाढते, हृदयाचे ठोके चुकतात आणि डिगॉक्सिन चालू असेल तर त्याची विषबाधा लवकर होते. तेव्हा डॉक्टर पोटॅशियम क्लोराइड देतात आणि ते द्यायलाच हवे. मॅग्नेशियमही घटलेले असेल तर ते भरून काढल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही, हेही इथेच नोंदवण्यासारखे. एखाद्या रुग्णाचा रक्तदाब चढा आणि पोटॅशियम मात्र कोणतीही लघवीची गोळी न घेता कमी, असे असेल तर अल्डोस्टेरॉन नको तितके स्रवत असल्याची शंका घ्यावी लागते; त्याला बाटलीपेक्षा तपासणीची जास्त गरज असते. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर चघळणाऱ्यांतही हेच चित्र दिसते, कारण त्यातला ग्लिसिरायझिन हा घटक अल्डोस्टेरॉनसारखाच परिणाम घडवून आणतो : रक्तदाब वर, पोटॅशियम खाली.

अडचण त्यानंतर सुरू होते. पोटॅशियमचे पातळ औषध आठ-दहा दिवसांसाठी लिहिलेले असते, ते घरात राहते. पुढच्या भेटीत डॉक्टर क्लोरथॅलिडोन बंद करून टेल्मिसार्टान सुरू करतात, किंवा हृदयविकारासाठी स्पायरोनोलॅक्टोनची भर घालतात. चिठ्ठी बदलते, बाटली बदलत नाही. संपली की रिकामी बाटली दाखवून दुसरी आणली जाते, आणि ती देणाऱ्याला नवी चिठ्ठी पाहायला मिळालेलीच नसते. जुन्या चिठ्ठीवर किंवा रिकाम्या बाटलीवर पोटॅशियम देऊ नये, एवढा एकच नियम काटेकोरपणे पाळला तरी या अपघातांतला मोठा वाटा थांबेल.

बाटलीत नेमके किती असते, याचा अंदाज गिऱ्हाइकाला नसतो आणि देणाऱ्यालाही क्वचितच असतो. बाटलीवर आकडा मिलिइक्विव्हॅलंटमध्ये छापलेला असतो. पोटॅशियमच्या बाबतीत मिलिमोल आणि मिलिइक्विव्हॅलंट सारखेच. एक ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडमध्ये 13.4 मिलिमोल पोटॅशियम असते. बाजारात मिळणाऱ्या पोटॅशियम क्लोराइडच्या नेहमीच्या पातळ औषधात 15 मि.ली.त दीड ग्रॅम, म्हणजे 20 मिलिमोल असते. दिवसातून तीन वेळा घेतले की 60. पेशींबाहेर एकूण असते तेवढेच. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या पोटॅशियमच्या पूरक गोळ्यांत बहुधा 99 मि.ग्रॅ. असते, म्हणजे अडीच मिलिमोल. परदेशातल्या मुलाने वा मुलीने पाठवलेली ती डबी आणि इथली बाटली यांच्यात हा असा आठपटींचा फरक आहे, आणि घरात दोन्हींना ‘पोटॅशियम’ हे एकच नाव.

त्याहून फसवे प्रकरण मुतखड्याच्या औषधाचे. पोटॅशियम सायट्रेट लघवी आम्लधर्मी होऊ देत नाही आणि काही प्रकारचे खडे रोखते. औषध म्हणून ते उत्तम आहे. पण त्याच्या नेहमीच्या पातळ औषधात 5 मि.ली.ला सुमारे 10 मिलिमोल पोटॅशियम असते. दोन-दोन चमचे दिवसातून तीन वेळा म्हणजे पुन्हा 60. लघवीला जळजळ होते म्हणून चिठ्ठीशिवाय मागितली जाणारी बाटली कधी सोडियमच्या लवणाची असते, कधी पोटॅशियमच्या. डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटमध्ये पोटॅशियम नसते, सोडियम असते, आणि तेही रक्तदाबवाल्याला फार सोयीचे नाही. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर, रंगही सारखेच. मुतखडा असलेल्याचे मूत्रपिंड आधीच अडलेले असू शकते, हे लक्षात घेतले तर टेल्मिसार्टानवरच्या रुग्णाला पोटॅशियम सायट्रेट देताना क्रिएटिनिनचा आकडा विचारणे ही किमान गोष्ट ठरते. आयुर्वेदात मूत्रविकारांवर दिल्या जाणाऱ्या यवक्षारातही पोटॅशियमची लवणे भरपूर असतात, कारण तो जवाच्या रोपाच्या राखेतून काढला जातो. औषध वनस्पतीचे आहे म्हणून हिशेबातून वगळता येत नाही.

पोटॅशियम धरणारी दोन औषधे एकत्र आली की त्या बेरजेचा परिणाम मोठ्या लोकसंख्येवर कसा दिसतो, हे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात नोंदले गेले आहे. 1999 साली ‘रेल्स’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र हृदयविकारात नेहमीच्या औषधांना स्पायरोनोलॅक्टोनची जोड दिल्यास मृत्यू 30 टक्क्यांनी घटतात, असे त्यात दिसले. डॉक्टरांनी ते औषध झपाट्याने उचलले. एसीई इनहिबिटर, म्हणजे ‘प्रिल’ गटातली गोळी घेणाऱ्या, हृदयविकारासाठी रुग्णालयात राहून आलेल्या वृद्धांमध्ये स्पायरोनोलॅक्टोनच्या चिठ्ठ्या 1994मध्ये दर हजारी 34 होत्या, त्या 2001च्या अखेरीस 149 झाल्या. त्याच काळात पोटॅशियम वाढल्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण दर हजारी 2.4 वरून 11 वर गेले आणि त्यातून होणारे मृत्यू दर हजारी 0.3 वरून 2 वर. चाचणीत मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण घेतलेले नव्हते आणि घेतलेल्यांचे रक्त वारंवार तपासले जात होते. गावोगावच्या दवाखान्यांत ना निवड तितकी कडक राहिली, ना तपासणी. पुढे स्कॉटलंडमधल्या टेसाइड भागातल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा स्पायरोनोलॅक्टोनचा वापर तिथेही वाढलेला दिसला. पण रक्ततपासण्याही वाढल्या होत्या, आणि ओंटारिओसारखी लाट तिथे आली नाही. औषध तेच, रुग्णही त्याच प्रकारचे. फरक तपासणीचा. दोष गोळीचा की देखरेखीचा, या वादात टेसाइडचे उत्तर पुरेसे स्पष्ट आहे.

दरम्यान पोटॅशियमची दुसरी, चांगली बाजूही पक्की झाली आहे, आणि ती सांगितली नाही तर भीतीच तेवढी उरेल. पोटॅशियम वाढले की मूत्रपिंडे सोडियम अधिक सोडतात आणि रक्तदाब उतरतो. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘डॅश’ आहारचाचणीत फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांनी रक्तदाब उतरल्याचे दिसले. त्या आहारात पोटॅशियम भरपूर होते. प्रौढांनी दिवसाला निदान 3510 मि.ग्रॅ., म्हणजे 90 मिलिमोल पोटॅशियम आहारातून घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2012 साली सुचवले. ज्यांची मूत्रपिंडे धड आहेत आणि जे फक्त अम्लोडिपिनवर आहेत, त्यांना केळी, शहाळे, पालेभाज्या यांच्यापासून दूर ठेवण्याचे काही कारण नाही. उलट त्यांनी त्या खाव्यात.

कमी सोडियमच्या मिठाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनच्या ग्रामीण भागात 600 गावांतल्या सुमारे 21,000 लोकांवर झालेल्या चाचणीत 75 टक्के सोडियम क्लोराइड आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड असे मीठ वापरले गेले. निष्कर्ष 2021 साली आले : पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी, आणि पोटॅशियम वाढल्याने झालेल्या घटनांत लक्षणीय फरक नाही. हा निकाल मोठा आहे. पण मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना आणि पोटॅशियम धरणाऱ्या लघवीच्या गोळ्या किंवा पोटॅशियमची पूरके घेणाऱ्यांना त्यात घेतलेच नव्हते. जानेवारी 2025मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या नेहमीच्या मिठाऐवजी असे मीठ वापरण्याची सशर्त शिफारस केली, आणि त्यातूनही मूत्रपिंडाचे रुग्ण, पोटॅशियम बाहेर टाकण्यात अडथळा असलेले इतर रुग्ण, गर्भवती आणि मुले यांना वगळले. हिशेब साधा आहे. असे मीठ दिवसाला 5 ग्रॅम खाल्ले तर सव्वा ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे जवळपास 17 मिलिमोल पोटात जाते. निरोगी माणसाला हे औषधासारखे लागू पडते. टेल्मिसार्टान आणि स्पायरोनोलॅक्टोन एकत्र घेणाऱ्या, क्रिएटिनिन 2च्या पुढे गेलेल्या मधुमेह्याला ते पोटॅशियमच्या जवळजवळ एका मात्रेइतके पडते, आणि तीही न संपणारी, कारण मीठ कोणी आठ दिवसांसाठी विकत घेत नाही. हे पाकीट बरेचदा मेडिकलच्या काउंटरवरही ठेवलेले असते, रक्तदाब मोजण्याच्या यंत्राशेजारी, म्हणजे नेमक्या त्याच गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर.

सैंधवाबद्दलही एक गैरसमज रूढ आहे. ते पोटॅशियमचे मीठ आहे, म्हणून बीपीला चालते, असे सांगितले जाते. सैंधव हे खाणीतले मीठ आहे आणि त्याचा जवळजवळ सगळा भाग सोडियम क्लोराइडच असतो. त्याने पोटॅशियम वाढत नाही, आणि रक्तदाबही उतरत नाही.

आहारातल्या पोटॅशियमचा विचार मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीच करायचा. मध्यम आकाराच्या केळ्यात 400 मि.ग्रॅ.च्या आसपास, म्हणजे 10-11 मिलिमोल असते. मोठ्या शहाळ्याच्या पाण्यात याहून जास्त भरते. अशा रुग्णांसाठी बटाटा, रताळे यांच्या फोडी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून देण्याची पद्धत आहारतज्ज्ञ सांगतात. उन्हाळ्यात मात्र शहाळे, सरबत आणि जलसंजीवनी यांची गल्लत होते. जलसंजीवनीच्या प्रमाणित पाकिटात एक लिटर पाण्यामागे 20 मिलिमोल पोटॅशियम असते. जुलाब होताना शरीरातून पोटॅशियम जातच असते, तेव्हा ते लागते आणि बीपीच्या रुग्णानेही ते घ्यावे. ऊन लागू नये म्हणून रोज दोन-दोन पाकिटे पिणे ही वेगळी गोष्ट.

जुलाब, उलट्या, तापाने पाणी कमी झालेल्या रुग्णात दुसराच धोका उभा राहतो. मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचते. अशा वेळी ‘सार्टान’ किंवा ‘प्रिल’ गटाची गोळी आणि लघवीची गोळी मूत्रपिंडाला सावरू देत नाहीत. त्यातच अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा असेक्लोफिनॅक घेतली गेली तर मूत्रपिंड एकाएकी बंद पडू शकते आणि पोटॅशियम दोन-तीन दिवसांत चढते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शेतात राबणारा, बीपीची गोळी आणि गुडघेदुखीची गोळी दोन्ही नेमाने घेणारा माणूस या धोक्याच्या अगदी तोंडाशी असतो, आणि त्याने पोटॅशियमची बाटली पाहिलेलीही नसते. वेदनाशामक गोळी तर दुकानातून विनाचिठ्ठी दिली जाते. त्याजागी पॅरासिटामॉल सुचवणे सोपे आहे. लघवीच्या संसर्गावरचे को-ट्रायमॉक्सॅझोलही असेच चोरपावलांनी काम करते : त्यातला ट्रायमेथोप्रिम हा घटक अमिलोराइडसारखाच पोटॅशियम धरून ठेवतो आणि ‘सार्टान’वरच्या वृद्धात ते आठवड्याभरात वाढवू शकतो. शिवाय हेपॅरिन, आणि मूत्रपिंड बदललेल्यांना दिले जाणारे टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन.

वाढलेल्या पोटॅशियमची लक्षणे फारशी जाणवत नाहीत, म्हणून तक्रारीवर विसंबता येत नाही. पायात बळ नसल्यासारखे वाटते, मुंग्या येतात, कधी नाडी मंद होते; पुष्कळदा काहीच होत नाही. गंमत म्हणजे पोटॅशियम घटले तरीही स्नायू असेच गळतात, त्यामुळे ‘अशक्तपणा आहे’ या वाक्यावरून बाटली देणे म्हणजे अंदाजावर काम करणे. 5.5 च्या पुढे गेलेला आकडा डॉक्टरांना लगेच कळवायचा असतो. 6 च्या पुढे हृदयालेख काढावा लागतो : आधी त्यातली टी लाट उंच आणि टोकदार होते, मग पी लाट विरत जाते, ठोक्याचा मुख्य भाग रुंदावतो, आणि शेवटी सगळे मिळून लाटांची एक रेघ उरते. तेव्हा रुग्णालयात कॅल्शियम ग्लुकोनेट, ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, सालब्युटामॉलची वाफ आणि गरज पडल्यास डायलिसिस हे उपाय करतात. कॅल्शियम पोटॅशियमला हलवत नाही, ते फक्त हृदयाला काही मिनिटे सावरून धरते. पोटॅशियम शरीराबाहेर जाते ते लघवीवाटे, शौचावाटे किंवा डायलिसिसने. सौम्य वाढीत कॅल्शियम पॉलिस्टायरिन सल्फोनेटची भुकटी देतात, ती आतड्यात पोटॅशियम धरून शौचावाटे नेते.

अहवालातला प्रत्येक वाढलेला आकडा खरा असतो असेही नाही. रक्त घेताना मूठ खूप वेळा आवळली, पट्टा फार वेळ बांधला, किंवा नमुना वाटेत हिंदकळून तांबड्या पेशी फुटल्या, तर पेशींतले पोटॅशियम नळीत उतरते आणि आकडा फुगतो. प्रयोगशाळा अहवालावर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा मारते. रुग्ण बरा दिसत असला आणि मूत्रपिंडे धड असली तर पुन्हा तपासणी करून घेणे योग्य. मात्र उंच आकडा ‘नमुना खराब असेल’ म्हणून सोडून देणे योग्य नाही. ‘सार्टान’ किंवा ‘प्रिल’ सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे, असे मूत्रपिंडतज्ज्ञांचे संकेत आहेत. स्पायरोनोलॅक्टोनसाठी त्याहून लवकर. क्रिएटिनिनचा आकडा वयस्क आणि किरकोळ शरीराच्या बाईत 1.2 दिसला तरी मूत्रपिंडाची क्षमता निम्म्याच्या आसपास असू शकते, म्हणून अहवालात अंदाजित गाळणक्षमतेचा आकडा दिलेला असेल तर तो पाहणे बरे. तो 45 च्या खाली असेल तर पोटॅशियमचे कोणतेही पूरक, कमी सोडियमचे मीठ धरून, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देण्यात शहाणपण नाही.

या सगळ्याला काउंटरवर वेळ कुठे, हा प्रश्न रास्त आहे. 2015 साली अधिसूचित झालेल्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला औषधांच्या परस्परपरिणामांची माहिती देण्याची जबाबदारी नोंदणीकृत फार्मासिस्टवर टाकली आहे. पण संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर बहुतेक वेळा नोंदणी असलेली व्यक्ती नसते, मदतनीस मुलगा असतो, हेही सर्वांना ठाऊक आहे. म्हणून सगळा व्याप त्या मुलाला शिकवण्यापेक्षा फळीच बदलणे सोयीचे. पोटॅशियम क्लोराइड, पोटॅशियम सायट्रेट आणि कमी सोडियमचे मीठ एकाच खणात आणि त्या खणावर एक चिठ्ठी : हे फार्मासिस्टला दाखवल्याशिवाय द्यायचे नाही. फार्मासिस्टने विचारायचे प्रश्न दोनच. बीपीची कोणती गोळी चालू आहे, पट्टी किंवा फोनवरचा फोटो दाखवा. आणि क्रिएटिनिन-पोटॅशियम शेवटचे कधी तपासले, किती आले. पट्टीवर ‘सार्टान’, ‘प्रिल’, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन असेल आणि अहवाल अलीकडचा नसेल, तर बाटली त्या दिवशी न देता चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा. बिलिंगच्या संगणकात गिऱ्हाइकाची जुनी खरेदी असतेच. त्यात ‘सार्टान’ घेणाऱ्यांपुढे खूण केली तर पोटॅशियमचे बिल करताना ती डोळ्यांसमोर येते.

रुग्णाला बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करायला सांगू नये. ‘सार्टान’ आणि ‘प्रिल’ मधुमेह्याच्या मूत्रपिंडाचे आणि दुबळ्या हृदयाचे रक्षण करतात, म्हणूनच त्या लिहिलेल्या असतात, आणि थोडे पोटॅशियम वाढले म्हणून त्या कायमच्या सोडणाऱ्यांचे नुकसान होते. आधी काढायचे ते जादाचे : सिरप, मीठ, वेदनाशामक. त्यानंतर आठवड्याने पुन्हा रक्त तपासायचे. जुलाब-उलट्यांच्या दिवसांत गोळी थोडे दिवस थांबवायची की नाही, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायचे. आणि ज्या क्लोरथॅलिडोनवरच्या रुग्णाला खरोखरच पोटॅशियम लागते, त्याला ते पाण्यात पातळ करून, जेवणानंतर, सावकाश घ्यायला सांगायचे. गोळी हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारची असेल तर ती न चावता, न फोडता, भरपूर पाण्याबरोबर. बाटलीवर पेनाने दोन गोष्टी लिहून द्यायच्या : किती दिवस, आणि पुढची रक्ततपासणी कोणत्या तारखेला.

कळावे.